घड्याळाच्या पुढे धावणारा संगणक

कुंभकोणम् शहरापासून पश्चिमेस काही किलोमीटर अंतरावर, स्वामिमलैच्या जवळ, तिरुवलंचुळी नावाचे गाव आहे. तमिळ भाषेत ‘वलम्’ म्हणजे उजवी बाजू आणि ‘सुळी’ म्हणजे वळसा. कावेरी नदी येथे उजवीकडे वळते म्हणून गावाला हे नाव मिळाले, असे सांगतात. येथील कपर्दीश्वराच्या देवालयात श्वेत विनायकाची मूर्ती आहे. समुद्रमंथनाच्या वेळी उसळलेल्या फेसापासून ती घडविली गेली, अशी श्रद्धा असल्यामुळे तिच्यावर पाण्याचा अभिषेक केला जात नाही. अठराव्या शतकात हा मुलूख तंजावरच्या भोसले घराण्याच्या राज्यात मोडत असे.

कावेरीच्या खोऱ्यातील हा प्रदेश भातशेतीचा, हिरवागार आणि दमट आहे. उन्हाळ्यात मात्र येथील दुपार फार कडक असते. मे महिन्यात बंद खोलीतील हवेचे तापमान ३८ अंश सेल्सिअसपर्यंत जाणे ही येथे नवलाची गोष्ट नाही. अशा खोलीत मेजावर ठेवलेला एखादा स्वस्त संगणक त्याच्या निर्मात्याने ठरवून दिलेल्या गतीपेक्षा अधिक गतीने चालविता येईल काय? आणि चालविता आला तरी त्याने दिलेल्या उत्तरांवर विश्वास ठेवता येईल काय? संगणकाच्या जोडकामात रस घेणाऱ्या तरुणांनी गेल्या शतकाच्या अखेरीस जगभर ज्या उद्योगाचा ध्यास घेतला, त्या ‘ओव्हरक्लॉकिंग’चे मर्म या दोन प्रश्नांत साठविलेले आहे.

संगणकाचे घड्याळ

संगणकाच्या मुख्य फलकावर, म्हणजे मदरबोर्डवर, गारगोटीचा एक छोटा स्फटिक बसविलेला असतो. विद्युत्‌दाबाखाली तो अत्यंत नियमितपणे कंप पावतो. जुन्या घरगुती संगणकांत या स्फटिकाची कंप्रता सुमारे १४.३१८ मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला एक कोटी त्रेचाळीस लाखांहून अधिक कंप इतकी असे. या ठोक्यांपासून एक स्वतंत्र मंडल निरनिराळ्या कंप्रता तयार करते. त्यांपैकी एक कंप्रता प्रोसेसर व स्मृती यांना जोडणाऱ्या वाहिनीस, म्हणजे ‘बस’ला, दिली जाते. प्रोसेसर या कंप्रतेला एका ठरावीक गुणकाने गुणून स्वतःची गती ठरवितो. वाहिनीची कंप्रता ६६ मेगाहर्ट्झ आणि गुणक साडेचार असेल, तर प्रोसेसर ३०० मेगाहर्ट्झ गतीने काम करील.

प्रत्येक ठोक्याला प्रोसेसरमधील लक्षावधी ट्रान्झिस्टर आपली अवस्था बदलतात. एका टोकाकडून निघालेला विद्युत्‌संकेत मधल्या साऱ्या द्वारांतून पार होऊन पुढचा ठोका पडण्याच्या आत दुसऱ्या टोकाला स्थिरावला पाहिजे. ३०० मेगाहर्ट्झ गतीला दोन ठोक्यांमधील अवधी ३.३३ नॅनोसेकंद असतो. तेवढ्या वेळात प्रकाशकिरण जेमतेम एक मीटर अंतर तोडतो. गती ४५० मेगाहर्ट्झ केली की हा अवधी २.२२ नॅनोसेकंदांवर येतो. सर्वांत लांबच्या वाटेने जाणारा संकेत एवढ्या अवधीत पोहोचला तर सारे ठीक चालते. तो पोहोचला नाही, तर पुढची पायरी अर्धवट उत्तरावर उभारली जाते. गती वाढविणे म्हणजे सर्वांत संथ संकेताला मिळणारी सवड कमी करणे होय.

कारखान्यातील प्रतवारी

मग निर्माता मुळातच अधिक गती का देत नाही? याला कारणे दोन आहेत. सिलिकनच्या एकाच चकतीवर शेकडो चिप एकदम तयार होतात. परंतु त्या सर्व सारख्या उतरत नाहीत. कारखान्यात त्यांची चाचणी घेऊन प्रतवारी लावली जाते आणि प्रत्येक प्रतीला वेगळी गती व वेगळी किंमत दिली जाते. एखाद्या काळात कारखान्याचे कसब इतके सुधारते की बहुतेक चिप वरच्या प्रतीला पोहोचतात. बाजारात मात्र मागणी स्वस्त प्रतीलाच अधिक असते. अशा वेळी उत्तम चिपवरही कमी गतीचा शिक्का मारून ती विकली जाते.

दुसरे कारण असे की चिपवर छापलेली गती ही सर्वांत प्रतिकूल परिस्थितीचा विचार करून ठरविलेली असते. खोली तापलेली असेल, विजेचा पुरवठा डळमळीत असेल, पंख्यावर धूळ साचली असेल, यंत्र काही वर्षांचे जुने झाले असेल. तरीही उत्तर चुकता कामा नये, अशी निर्मात्याची अपेक्षा असते. म्हणून छापील गती आणि प्रत्यक्ष क्षमता यांच्यामध्ये तो काही अंतर राखून ठेवतो. ओव्हरक्लॉकिंग करणारा मनुष्य हे राखीव अंतर वापरून टाकतो.

चिकटपट्टीची करामत

या उद्योगाचे सर्वांत गाजलेले उदाहरण १९९८ सालचे आहे. त्या वर्षीच्या ऑगस्ट महिन्यात इंटेल कंपनीने ‘सेलेरॉन ३००ए’ हा स्वस्त प्रोसेसर बाजारात आणला. त्याची वाहिनी ६६ मेगाहर्ट्झची व गुणक साडेचार होता. गुणक कारखान्यातच पक्का केलेला असल्यामुळे तो बदलण्याची सोय नव्हती. परंतु वाहिनीची कंप्रता मदरबोर्ड ठरवीत असे. त्याच वर्षीच्या एप्रिलपासून १०० मेगाहर्ट्झ वाहिनी चालविणारे ‘४४० बीएक्स’ संचाचे मदरबोर्ड मिळू लागले होते. अशा फलकावर सेलेरॉन बसवून वाहिनी १०० मेगाहर्ट्झवर नेली की प्रोसेसरची गती साडेचारपट, म्हणजे ४५० मेगाहर्ट्झ होई. त्या वेळच्या सर्वांत महागड्या ‘पेंटियम २’ची गतीही तेवढीच होती. सेलेरॉनमधील शीघ्रस्मृती १२८ किलोबाइट, म्हणजे पेंटियमच्या एक चतुर्थांश होती. पण ती प्रोसेसरच्या पूर्ण गतीने चाले, तर पेंटियमची ५१२ किलोबाइट स्मृती अर्ध्या गतीने चाले. त्यामुळे पुष्कळशा कामांत स्वस्त चिप महाग चिपेच्या बरोबरीला येई.

काही मदरबोर्डांवर वाहिनीची कंप्रता हाताने बदलता येत नसे. प्रोसेसरच्या पट्टीवरील ‘बी २१’ या क्रमांकाची संपर्कपट्टी फलकाला ‘मला ६६ मेगाहर्ट्झ पाहिजे’ असे सांगे आणि फलक तेवढेच देई. या संपर्कपट्टीवर चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावला, किंवा नखांना लावावयाच्या रंगाचा थेंब टाकून ती झाकली, की हा संकेत फलकापर्यंत पोहोचत नसे. संकेत नसणे याचा अर्थ फलक ‘१०० मेगाहर्ट्झ’ असा घेई. काही पैशांच्या चिकटपट्टीने यंत्राची गती दीडपट होत असे.

वाहिनी १०० मेगाहर्ट्झवर नेणे हे मधल्या ७५ किंवा ८३ मेगाहर्ट्झपेक्षा अधिक सुरक्षित होते, ही गोष्ट प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. तिचे कारण साध्या भागाकारात आहे. ध्वनी, जाळेजोडणी आणि चकतीस्मृती यांची मंडले ज्या ‘पीसीआय’ वाहिनीवर असत, तिला ३३ मेगाहर्ट्झ लागत. ही कंप्रता मुख्य वाहिनीला दोनने किंवा तीनने भागून मिळविली जाई. ६६ ला दोनने भागले तरी ३३ येतात आणि १०० ला तीनने भागले तरी ३३ येतात. ८३ ला दोनने भागल्यास मात्र साडेएकेचाळीस येतात. तेवढ्या गतीला हार्ड डिस्कवर चुकीची अक्षरे लिहिली जाण्याचा धोका असे. नुसते धाडस पुरत नसे. गणितही मांडावे लागे.

शिसपेन्सिल आणि चांदीची शाई

जून २००० मध्ये एएमडी कंपनीने ‘ड्युरॉन’ हा स्वस्त आणि ‘थंडरबर्ड’ या नावाने ओळखला जाणारा नवा ‘ॲथलॉन’ हा महाग प्रोसेसर बाजारात आणला. या चिपांच्या पाठीवर सोनेरी ठिपक्यांच्या बारीक जोड्या दिसत. ‘एल १’ असे नाव असलेल्या गटातील जोड्या कारखान्यात तोडून ठेवल्या की गुणकाला कुलूप लागे. साध्या शिसपेन्सिलीतील ग्रॅफाइट विद्युत्‌वाहक असते. प्रत्येक जोडीवर पेन्सिलीची गडद रेघ ओढली की तुटलेला दुवा सांधला जाई व कुलूप उघडे. शेजारच्या दोन दुव्यांना चुकून एकच रेघ लागली तर ती खोडरबराने पुसून पुन्हा काढावी लागे. २००१ च्या अखेरीस आलेल्या ‘ॲथलॉन एक्सपी’मध्ये या ठिपक्यांमधील जागा लेझरने खोदलेली होती. त्या खड्ड्यांत आधी डिंकासारखा चिकट पदार्थ भरून त्यावर चांदीयुक्त वाहक शाई लावावी लागे.

२००७ साली इंटेलच्या प्रोसेसरांत हाच खेळ नव्या रूपात अवतरला. त्यांच्या तळाशी ‘बीसेल’ नावाचे तीन संपर्कबिंदू असत. ते कोणते ‘चालू’ व कोणते ‘बंद’ आहेत, हे पाहून मदरबोर्ड वाहिनीची कंप्रता निवडी. ‘पेंटियम ई २१४०’ हा स्वस्त प्रोसेसर २०० मेगाहर्ट्झ वाहिनीवर आठपट, म्हणजे १.६ गिगाहर्ट्झ गतीने चाले. त्याचा एक बिंदू वाहक शाईने शेजारच्या भूसंपर्कित बिंदूला जोडला, की फलक त्याला २६६ मेगाहर्ट्झ देई व गती सुमारे २.१३ गिगाहर्ट्झ होई. ‘क्यू ६६००’ या चार गाभ्यांच्या प्रोसेसरच्या बाबतीत उलट रीत होती. तेथे एका बिंदूवर चिकटपट्टी लावून तो वेगळा केला की वाहिनी २६६ वरून ३३३ मेगाहर्ट्झवर जाई आणि गती २.४ वरून ३ गिगाहर्ट्झ होई.

मुंबईचा लॅमिंग्टन रोड, चेन्नईचा रिची स्ट्रीट आणि दिल्लीचे नेहरू प्लेस येथील दुकानांतून सुटे भाग घेऊन संगणक जोडण्याची पद्धत आपल्या देशात रूढ होती. ज्याला वरच्या प्रतीची चिप परवडत नसे, त्याला खालच्या प्रतीतून वरची गती काढण्याचा मोह पडणे स्वाभाविक होते. येथे एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. असे फेरफार केल्यास निर्मात्याची हमी संपुष्टात येते. जुन्या ड्युरॉन व ॲथलॉनचा सिलिकनचा तुकडा उघडा असे. वरचा उष्णताशोषक वाकडा दाबला तर त्याचा कोपरा तडकत असे. ज्याच्या घरात एकच संगणक आहे, त्याच्या दृष्टीने ही चूक लहान नसते.

उष्णतेचा हिशेब

चिपमध्ये खर्च होणारी शक्ती कंप्रतेच्या समप्रमाणात वाढते आणि विद्युत्‌दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. गती दीडपट केली तर उष्णताही दीडपट होते. वाढलेल्या गतीला संकेत वेळेवर पोहोचावेत म्हणून दाब दहा टक्क्यांनी वाढविला, तर १.१ चा वर्ग १.२१, त्याला दीडने गुणले असता उत्तर १.८ च्या किंचित वर येते. गती दीडपट मिळाली, पण उष्णता जवळजवळ दुप्पट झाली.

हा हिशेब एका काल्पनिक उदाहरणाने अधिक स्पष्ट होईल. समजा, एक प्रोसेसर मूळ गतीला २० वॅट उष्णता देतो, त्याची कमाल मर्यादा ८५ अंश आहे आणि त्यावरील उष्णताशोषक दर वॅटमागे दीड अंशाने तापतो. संगणकाच्या पेटीतील हवा खोलीपेक्षा आठ अंशांनी अधिक उष्ण आहे. जानेवारीत खोली २५ अंशांवर असताना चिपचे तापमान २५ अधिक ८ अधिक ३०, म्हणजे ६३ अंश होईल. गती दीडपट केल्यास उष्णता ३० वॅट होईल आणि तापमान ७८ अंशांवर जाईल. मर्यादा ओलांडलेली नाही. मालक खूश होईल. आता तेच यंत्र तिरुवलंचुळीच्या मे महिन्यातील खोलीत पाहावे. ३८ अधिक ८ अधिक ४५, म्हणजे ९१ अंश. मर्यादा मागे पडली. मूळ गतीवर मात्र याच खोलीत तापमान ७६ अंशच राहिले असते. जानेवारीत यशस्वी ठरलेला प्रयोग मे महिन्यात का फसतो, याचे उत्तर या तीन बेरजांत आहे.

यावर उपाय आहे तो उष्णता लवकर बाहेर काढण्याचा. दर वॅटमागे दीडऐवजी एकच अंश तापणारा चांगला शोषक बसविला, तर वाढीव गतीतही मे महिन्यातील तापमान पुन्हा ७६ अंशांवर येते. म्हणून शोषकासाठी ॲल्युमिनियमऐवजी तांबे वापरतात. तांब्याची उष्णतावाहकता ॲल्युमिनियमच्या सुमारे पावणेदोन पट आहे. येथे शुद्धतेला फार महत्त्व असते. तिरुवलंचुळीच्या शेजारीच स्वामिमलैचे स्थपती मेणाच्या साच्यातून पंचधातूच्या मूर्ती ओततात. त्या धातूतही मुख्य भाग तांब्याचाच असतो. परंतु इतर धातू मिसळल्यामुळे त्याची उष्णतावाहकता शुद्ध तांब्यापेक्षा पुष्कळच कमी होते. मूर्तीला जे मिश्रण शोभते, ते शोषकाच्या कामाचे नाही. चिप आणि शोषक यांच्यामधील सूक्ष्म फटींत हवा राहू नये म्हणून उष्णतावाहक लेपाचा पातळ थर द्यावा लागतो, आणि पंख्यावरील धूळ नियमाने झाडावी लागते.

उत्तर बरोबर आहे काय?

वाढीव गतीने बिघडलेला संगणक बंद पडला, तर ती एका अर्थाने त्याची कृपाच समजावी. कारण बिघाड तत्काळ कळतो. खरा धोका वेगळा आहे. यंत्र नेहमीसारखे चालत राहते, पडद्यावर काहीही खटकत नाही आणि कोट्यवधी क्रियांतून एखादीच क्रिया चुकते. दुकानाच्या हिशेबातील एक आकडा बदलतो, किंवा विद्यार्थ्याच्या प्रबंधाच्या नोंदीत एक अक्षर पालटते. ही चूक पुढे कित्येक महिने कोणाच्याही ध्यानात येत नाही.

म्हणून गती वाढविल्यावर संगणकाला तासन् तास असे गणित घालतात की ज्याचे उत्तर आधीपासून ठाऊक आहे. प्रचंड मूळसंख्या शोधण्यासाठी १९९६ साली जॉर्ज वोल्टमन यांनी सुरू केलेल्या प्रकल्पातील ‘प्राइम ९५’ हा कार्यक्रम यासाठी वापरला जातो. तोक्यो विद्यापीठातील यासुमासा कानाडा यांच्या प्रयोगशाळेतून १९९५ साली निघालेला ‘सुपर पाय’ हा दुसरा कार्यक्रम अनेक वर्षे या छंदाची कसोटी मानला गेला. वर्तुळाचा परीघ आणि व्यास यांचे गुणोत्तर असलेल्या ‘पाय’चे लक्षावधी अंक तो काढतो. या गणिताचा विशेष असा की मधली एक क्रिया चुकली तरी पुढचे सारे अंक बिघडतात. चूक लपून राहूच शकत नाही.

आणि येथे हा विषय पुन्हा कावेरीकाठी येऊन पोहोचतो. श्रीनिवास रामानुजन यांचे बालपण व शिक्षण कुंभकोणम् येथेच झाले. शारंगपाणी सन्निधी मार्गावरील त्यांचे घर तिरुवलंचुळीपासून फार दूर नाही. कागद महाग म्हणून ते पाटीवर गणिते करीत आणि फक्त अंतिम उत्तर वहीत उतरवीत. १९१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका निबंधात ‘पाय’ काढण्याच्या विलक्षण श्रेणी दिल्या आहेत. त्यांतील एका श्रेणीचे प्रत्येक पद ‘पाय’चे सुमारे आठ नवे अंक देते. १९८५ साली अमेरिकेत बिल गॉस्पर यांनी हीच श्रेणी संगणकाला देऊन एक कोटी सत्तर लाखांहून अधिक अंक मिळविले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस डेव्हिड व ग्रेगरी चुडनोव्हस्की या बंधूंनी त्याच धर्तीची, दर पदाला चौदा अंक देणारी श्रेणी शोधली. अलेक्झांडर यी यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेला ‘वाय-क्रंचर’ हा कार्यक्रम तीच श्रेणी वापरतो. आणि ओव्हरक्लॉकिंग करणारे लोक आपल्या यंत्राची सचोटी पाहण्यासाठी याच कार्यक्रमाचा आधार घेतात. पाटीवर मांडलेल्या गणिताच्या वंशजाकडून आजचे यंत्र तपासले जाते.

राखीव अंतराचे मोल

परीक्षेत उतरलेले यंत्रही चिरकाल तसेच राहत नाही. चिपमधील धातूच्या सूक्ष्म तारांतून वाहणारे इलेक्ट्रॉन धातूचे अणू हळूहळू पुढे ढकलतात. तार एके ठिकाणी झिजते आणि दुसऱ्या ठिकाणी फुगते. जेम्स ब्लॅक यांनी १९६९ साली मांडलेल्या सूत्रानुसार, प्रवाहाची घनता व तापमान वाढले की तारेचे आयुष्य वेगाने घटते. गतीसाठी दाब वाढविणारा मनुष्य यंत्राच्या पुढील वर्षांतून उसनवारी करीत असतो.

जानेवारी २०११ मध्ये आलेल्या इंटेलच्या नव्या पिढीत सर्व मंडलांचे ठोके एकाच मूळ कंप्रतेला बांधले गेले आणि गुणकाचे कुलूप फक्त काही महागड्या चिपांवर उघडे ठेवले गेले. चिकटपट्टी व पेन्सिल यांचे दिवस तेथे जवळजवळ संपले. त्याआधीच, २००८ पासून, इंटेलचे प्रोसेसर स्वतःचे तापमान व शक्ती मोजून आपली गती आपणच वाढवू व कमी करू लागले होते. पूर्वी हौशी माणूस जे अंतर हाताने वापरून टाकी, ते आता यंत्रच क्षणोक्षणी मोजून वापरते. आणि खोली तापली की आपणहून मागे सरते.

तरीही जुन्या प्रयोगांनी दिलेली शिकवण निरर्थक ठरलेली नाही. स्वस्त वस्तूत महाग वस्तूची क्षमता दडलेली असू शकते, हे त्यांनी पेन्सिलीच्या एका रेघेने सिद्ध केले. त्याचबरोबर, निर्मात्याने राखलेले अंतर ही केवळ व्यापाराची युक्ती नव्हती, हेही दाखवून दिले. ज्या थंड खोलीत प्रयोग यशस्वी झाला, तिच्यासाठी ते अंतर राखलेले नव्हतेच. ते राखलेले होते मे महिन्यातील दुपारी, धूळ साचलेल्या पंख्याखाली, डळमळत्या विजेवर काम करणाऱ्या संगणकासाठी. म्हणजेच तिरुवलंचुळीसारख्या गावातील, एकच यंत्र असलेल्या घरासाठी. ते वापरावयाचे की नाही, हे प्रत्येकाने आपल्या गरजेनुसार ठरवावे. मात्र वापरल्यास उन्हाळ्यात उत्तरे पुन्हा एकदा तपासून पाहावीत.